चार जीबीच्या पलीकडे

नऊ दिवस झाले, मंजुश्रीला धड झोप नव्हती. पुण्याच्या कंपनीचं काम ती धामणगाव बढ्याला माहेरी बसून करायची: नेटवर्क कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचं. तिचा ड्रायव्हर बसवलेले, मोताळ्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधले संगणक मधेच बंद पडत होते. तिथली देखभाल गोपालकडे. त्यानं नुकतीच मेमरी चारची सोळा जीबी केली होती, म्हणून तिनं पहिल्याच दिवशी जिनिंगच्या मालकाला कळवून टाकलं की मेमरी खराब बसवली आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. मालकानं गोपालला शनिवारपर्यंत मुदत दिली होती. नाहीतर काम दुसऱ्याला.

शनिवारी दुपारी तिला सापडलं. कार्ड जुनं होतं. मेमरीतला पत्ता लिहायला त्याच्यापाशी बत्तीसच घरं, म्हणजे बत्तीसच बिट; त्यामुळे पहिल्या चार जीबीपलीकडचं त्याला दिसतच नव्हतं. पलीकडचा पत्ता दिला की ते पुढचे आकडे गाळायचं आणि आलेला माल, म्हणजे माहिती, अलीकडच्या भलत्याच दारात टाकून मोकळं व्हायचं. कार्डाचा हात कुठवर पोचतो हे ड्रायव्हरनं आधी सांगायचं असतं. मग सिस्टीम अलीकडे जागा देते आणि तिथून माल पुढे नेते. मंजुश्रीनं ते सांगणारी ओळ नव्या कार्डाच्या ड्रायव्हरमधून जशीच्या तशी उचलली होती. तिच्यात घरं होती चौसष्ट. चार जीबी होती तोवर ते खपून गेलं.

तिनं बत्तीस केलं, आपल्याकडच्या तशाच कार्डावर तासभर चालवलं. बंद पडलं नाही. आनंद व्हायला अंगात त्राण नव्हतं. लाज मात्र वाटली, चक्क लाज.

तिनं गोपालला फोन लावला, चूक आपली होती म्हणून सांगितलं. तो म्हणाला, सकाळीच नवी मेमरी काढून आलो, मशिनी सुरू झाल्या, मालकापुढं हात जोडून चूक कबूल केली.

"आता नका सांगू, ताई. नऊ दिवस म्हणत होतो माही चूक नाही, तं कोणी आयकलं नाही. आज कबूल केलं तं काम राह्यलं."

तरी तिनं मालकाला फोन केला. सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्यानं कबूल काऊन केलं?"

"मी पहिल्याच दिवशी त्याच्यावर ढकललं म्हणून," मंजुश्री म्हणाली.