लोर्नाची नऊ मिनिटं

ही दोन हजार वीस सालची गोष्ट. मार्चमध्ये अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या आमच्या विमा कंपनीने आम्हा फोन घेणाऱ्या पाच जणींना कॉम्प्युटर देऊन घरी पाठवलं. दोन आठवड्यांसाठी, म्हणाले. मी तेव्हा चौसष्टची होते. बर्फातून टेकडी उतरणं सुटलं, लोकरी मोजे घालून, शेगडीवर सूप ठेवून काम करता येऊ लागलं. पण दुपारचे डबे एकटीने खायचे, ते काही मला आवडलं नाही.

आमच्यातल्या लोर्ना माकीची आई इल्मी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. कोरोनाच्या साथीमुळे सांभाळणारी बाई यायची थांबली, तेव्हा लोर्नाने टेबलच आईच्या पलंगाशी नेलं. दोन फोनांच्या मधे ती आईची कूस बदलायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलताना आवाजात दम लागल्याची खूणही नसायची. मला हे आजही नवलाचं वाटतं.

पडद्यावर प्रत्येकीच्या नावापुढे हिरवा ठिपका असे. पाच मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा होई. ऑक्टोबरात आमचा तरुण साहेब कीथ याने सांगितलं, ज्यांचा ठिपका वारंवार पिवळा होईल त्यांना ऑफिसात परतावं लागेल. लोर्ना परतली असती तर इल्मीला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं असतं, आणि त्या वर्षी तिथे मुलांनाही काचेबाहेरूनच हात हलवावा लागत होता.

मी लोर्नाला फोन केला. "अगं, माऊस फिरत्या पंख्याला बांध, हलत राहील. आपल्यातली वेंडी तेच करते."

"वेंडीला करू दे. माझी आई दिवसभर बघत असते, आर्लिस. तिच्यासमोर असलं नाटक करू?"

पुढच्या गुरुवारी कीथने मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. मी सगळ्यांत जुनी होते ना. "हे ऐका," म्हणाला.

आमचे फोन ध्वनिमुद्रित होत. लोर्नाने आवाज बंद करायचं बटण दाबलं, असं तिला वाटलं होतं. ते दाबलंच गेलं नव्हतं. इल्मीला ठसका लागलेला. "आई, खोक. जोरात. हं, अजून!" पाठीवर थापा. मग फोनवरचा म्हातारा म्हणाला, "बाई, आधी आईकडे बघा. माझा गुडघा कुठे पळून जात नाही."

नऊ मिनिटं तो थांबला. मग लोर्ना परत आली, माफी मागितली आणि गुडघ्याच्या उपचारासाठीच्या त्याच्या नामंजूर झालेल्या अर्जात राहिलेली एक ओळ शोधून काढली. अर्ज नीट भरून होईपर्यंत तिने फोन सोडला नाही.

कीथने चष्मा काढला. "नऊ मिनिटं जागेवर नाही, ठिपका पुन्हा पिवळा. नियमाने मी तिला सोमवारी ऑफिसात बोलवायला हवं."

"नियम कुणी केला?"

"मीच."

"मग माझ्याकडे काय बघतोस? बदल की!"

त्याने बदलला. ज्यांना हवं त्यांनी चार तास सकाळी आणि चार संध्याकाळी करायचे, मधल्या वेळेचा ठिपका कुणी बघायचा नाही. लोर्नाचे दुपारचे फोन मी घेतले, माझे सकाळचे तिने.

वेंडी पुढे आपणहून ऑफिसात परतली, घरात कंटाळली म्हणे. कीथ नोकरी सोडून शाळेत गणित शिकवतो. मी बावीस साली निवृत्त झाले. इल्मी त्याच वर्षी गेली, स्वतःच्या पलंगावर, लेकीचा हात धरून. लोर्ना आता नव्या मुलींना काम शिकवते, घरूनच.