मिस्टर तेबाऊंचा नकार

सुलक्षणा लंडनमधल्या ईलिंगच्या एका मदतसंस्थेत टायपिस्ट होती. मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसायचं, कोण काय बोललं ते टिपून मिनिट्स तयार करायची आणि स्वतः तोंडातून ब्र काढायचा नाही, हा तिथला रिवाज. अकरा वर्षं तिनं तो निमूटपणे पाळला.

१९८८च्या मार्चमध्ये प्रशांत महासागरातल्या एका टीचभर बेटराष्ट्राचा विषय निघाला. तिथली गरिबी हटवायची म्हणून संस्था काय करणार? तर आपल्याच खर्चानं दोन महिन्यांतून एकदा जाणारं मालवाहू जहाज बंद करणार आणि त्या पैशात प्रशिक्षण केंद्र काढणार! बेटाचे प्रतिनिधी मिस्टर तेबाऊ एवढ्या लांबून आलेले, त्यांना बोलायला मिळाली चहाआधीची पाच मिनिटं. ते उठून म्हणाले, "जहाज आलं नाही तर आमचं खोबरं किनाऱ्यावरच कुजेल. मग शिकून विकायचं काय? आमचा नकार आहे."

बोट बंद झाली की बंदर कसं ओस पडतं, हे सुलक्षणानं कोकणात माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं तो नकार जसाच्या तसा टाईप केला.

चेअरमननी तो खोडून वर लिहिलं, सर्वानुमते मंजूर. तिनं पुन्हा नकार टाईप केला. त्यांनी पुन्हा खोडला. घरी शशिधर, तिचा नवरा, म्हणाला की नसती उठाठेव कशाला, नोकरी जाईल. तिला त्याचा भयंकर राग आला.

पुढच्या मीटिंगला तेबाऊ नव्हते. त्यांना दुसऱ्यांदा कोण बोलावतंय? चेअरमन अगदी निर्धास्त. मागची मिनिट्स वाचायचं काम सुलक्षणाचं. तिनं ती वाचली, नकारासकट.

चेअरमन लालबुंद झाले. आपल्याला पगार कोण देतं याची कल्पना आहे ना, असं त्यांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं.

"आहे ना," सुलक्षणा म्हणाली. "हेही मिनिट्समध्ये घेऊ का?"

तेवढ्यात एक म्हाताऱ्या मेंबरबाई चष्मा काढून म्हणाल्या की त्या माणसानं नकार दिलाच होता, मीही ऐकला आणि गप्प बसले. मग एकेकाला आठवायला लागलं. ठराव मागे घ्यावा लागला, जहाज चालू राहिलं.

सुलक्षणाला महिनाअखेर घरी बसवलं. पण त्याआधी तिनं शेवटची मिनिट्स टाईप केली. त्यात चेअरमनचा प्रश्न होता, तिचं उत्तर होतं, आणि मेंबरांनी हट्टच धरल्यामुळे खाली चेअरमनची सही होती.