ऐकणारं सॉफ्टवेअर

हॉस्पिटलात सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. डॉक्टरांचं बोलणं ऐकून ते टाइप करायचं, हे ताईंचं काम. डॉक्टर आपापल्या खोलीत बसून रिपोर्ट बोलून ठेवत, त्या आवाजाच्या फायली ताईंच्या लॅपटॉपवर येत, आणि ताई कानाला हेडफोन लावून त्या उतरवून काढत. पायाखाली शिवणयंत्राला असतं तसं पेडल होतं. दाबलं की डॉक्टर बोलायचे, पाय उचलला की गप्प. "एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांना पायाच्या इशाऱ्यावर नाचवतेस," असं धाकटा भाऊ फोनवर चिडवायचा. तो दुसऱ्या देशात होता. त्याचा फोन यायचा, पण आठवण झाली की.

पूर्वी रेकॉर्ड विभागात एका लांब टेबलाशी चौघी बसत. मग एकीने नोकरी सोडली, एक मुलाकडे राहायला गेली, एक निवृत्त झाली, आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. उरलेल्या ताईंना हॉस्पिटलने लॅपटॉप देऊन घरून काम करायला सांगितलं. तेव्हा बाकीच्या विभागांतल्या बायकांना हेवा वाटला होता. आई होती तोवर ताईंनाही ते बरं वाटलं. मधेच उठून आईला औषध देता यायचं, तिच्याशी दोन शब्द बोलता यायचे. आई गेली आणि घरात फ्रिजची घरघर आणि लॅपटॉपचा पंखा, एवढेच आवाज उरले.

तो लॅपटॉप म्हणजे एक प्रकरण होतं. मनात येईल तेव्हा चालायचा, मनात येईल तेव्हा रुसायचा. झाकण एका विशिष्ट कोनात ठेवलं तरच पडदा उजळायचा, म्हणून ताईंनी त्यामागे जाड शब्दकोश टेकवून ठेवला होता. पण खरा छळ अपडेटचा. रिपोर्ट अर्ध्यावर असताना पडदा निळा व्हायचा आणि त्यावर 'कृपया संगणक बंद करू नका' अशी विनंती यायची. विनंती कसली, हुकूमच. टक्के वाढत जायचे, नव्वदच्या पुढे गेले की तिथेच ठिय्या देऊन बसायचे. आणि सगळं झाल्यावर आधी चालणारं काहीतरी नेमकं बंद पडलेलं असायचं. भीक नको पण कुत्रं आवर, असं ताईंना होऊन जायचं.

हॉस्पिटलच्या संगणक विभागातल्या माणसाला त्या मनातल्या मनात काढघाल म्हणत. कुठलीही तक्रार सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं. "वायर काढा आणि परत घाला." तो वाईट माणूस नव्हता. सगळ्या हॉस्पिटलला तो एकटाच होता, आणि फोन उचलताना त्याच्या आवाजात आधीच थकवा असायचा.

या सगळ्यात ताईंना टिकवून धरणारी एक गोष्ट होती. एक्स-रे वाचणारे एक डॉक्टर होते. त्यांना ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते रुजू झाले तोवर ताई घरी बसल्या होत्या. ते दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छातीतल्या सावल्या बघत, म्हणून ताईंसाठी ते सावलीवाले डॉक्टर. "उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पुसट सावली. पूर्णविराम," असं सावकाश, प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखं ते बोलायचे. बाकीचे डॉक्टर मागे कोणी लागल्यासारखे बोलत. हे मात्र यंत्र बंद करायला विसरत. मग पुढचा एक्स-रे येईपर्यंतचं सगळं त्यात राहून जायचं. चहाचा घोट. खुर्चीची करकर. कुठल्यातरी जुन्या गाण्याची पहिली ओळ, नेहमी पहिलीच, पुढची त्यांना येत नसावी. "अरे देवा, हे तर चालत आलं म्हणे. या पायावर?" असं एखाद्या पेशंटच्या हाडाला उद्देशून. कधी नुसताच उसासा. एकदा म्हणाले, "चला, संपलं एकदाचं. आता घरी जाऊन तरी काय करणार."

ते वाक्य ऐकून ताईंचा पाय पेडलवरून उठला होता. मग त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, "माझंही तसंच."

तेव्हापासून त्या त्यांना उत्तरं द्यायला लागल्या. त्यांनी गाणं गुणगुणलं की ताई पुढची ओळ म्हणायच्या. ते खोकले की म्हणायच्या, "गरम पाणी प्या, चहा पुरे झाला." यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही. लोक रेडिओशी बोलतात, झाडांशी बोलतात. सावलीवाल्यांच्या फायली त्या सगळ्यांत शेवटी उघडायच्या, ताटातली आवडीची गोष्ट शेवटाला ठेवावी तशा.

मग तो मोठा अपडेट आला. सकाळी सुरू झाला तो दुपार झाली तरी संपेना. संपला तेव्हा पडदा छान चकचकीत दिसत होता, आयकॉन गोल झाले होते, आणि पेडल बंद होतं. 'हे उपकरण ओळखता आले नाही', एवढंच पडद्यावर येत होतं. इतकी वर्षं पायाखाली असलेलं, आणि ओळख नाही म्हणे. ताईंनी काढघालला फोन केला. वायर काढून घातली. मग त्याने सांगितलेला आणखी एक अपडेट घातला. आगीतून फुफाट्यात. आता आवाजच गेला. फायली दिसत होत्या, त्यांच्यातली आवाजाची रेघ वरखाली नाचत होती, पण हेडफोनमध्ये काही नाही.

"घेऊन या इकडे," काढघाल म्हणाला. "आज सगळ्यांचंच बोंबललंय."

खरं तर तो दिवस ताईंना सुट्टीसारखा घेता आला असता. पण त्या गप्प लॅपटॉपपाशी थोडा वेळ बसल्या आणि घर किती शांत आहे हे त्यांना पहिल्यांदाच धडपणे ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी लॅपटॉप आणि पेडल पिशवीत घातलं आणि त्या निघाल्या.

हॉस्पिटलचं दार आता आपोआप उघडत होतं. नोंदणीच्या खिडकीतली मुलगी त्यांना ओळखत नव्हती, तिने पेशंट समजून विचारलं, "कुठे दुखतंय?" रेकॉर्ड विभागाच्या खोलीत मोडक्या चाकाच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. लांब टेबल दिसलं नाही. संगणक विभाग तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. बाहेर एक बाक होता आणि त्यावर मांडीवर लॅपटॉप घेतलेली माणसं लहान मुलांना डॉक्टरकडे आणल्यासारखी बसली होती. ताई टोकाला टेकल्या.

थोड्या वेळाने एक गृहस्थ आले. उंच, जरा वाकलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांच्या हातात काही नव्हतं. दारातूनच ते आत म्हणाले, "माझे कालचे रिपोर्ट अजून आलेले नाहीत हो. जरा बघता का?"

ताईंच्या हातातली पिशवी घसरली. आवाज तोच होता, सावकाश, शब्द जपणारा. फक्त पूर्णविराम म्हणाला नाही.

"बसा डॉक्टर, नंबराने घेतो," आतून काढघाल म्हणाला.

डॉक्टर बाकावर ताईंच्या शेजारी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुमचंही अपडेटने घालवलं वाटतं?"

"हो. आवाज गेला."

"माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. एरवी फार हुशार आहे. मी काय वाटेल ते बोलतो, ते बरोबर कामाचं तेवढं घेतं, बाकीचं गाळतं. स्वल्पविरामसुद्धा आपले आपण घालतं."

ताईंना आधी हसू आलं. मग वाटलं, गप्प बसावं. पण इतक्या महिन्यांनंतर ते शेजारी येऊन बसले होते.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "ते सॉफ्टवेअर म्हणजे मी."

त्यांना कळलं नाही. ताईंनी सांगितलं, आपण घरी बसून काय काम करतो ते. पेडल, हेडफोन, सगळं. डॉक्टर ऐकत राहिले.

"पण मला तर सांगितलं होतं, इथे सगळं संगणकावर होतं," ते म्हणाले.

"होतं की संगणकावरच. पण त्याच्यासमोर मी असते."

"म्हणजे तुम्ही ऐकता?"

"हो."

"सगळं?"

"टाइप मात्र कामाचं तेवढंच करते." आणि मग, त्यांना बरं वाटावं म्हणून, अगदी मनापासून ताईंनी विचारलं, "तुमचा खोकला कसा आहे आता? मध्ये फार वाढला होता."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. राग नव्हता त्यात. आपण एकटे आहोत असं समजून आरशासमोर वाकुल्या दाखवाव्यात आणि मागे कोणी उभं आहे हे कळावं, तसं काहीसं. ते मागचं एकेक आठवत असावेत. त्यांचे कान लाल झाले.

"बरा आहे," ते म्हणाले. उठून उभे राहिले, खिशावरच्या डागावर उगाच हात ठेवला. "तुम्ही फार उत्तम काम करता. खरंच. मला कल्पना नव्हती. येतो मी." नंबर न लावताच ते जिन्याकडे गेले.

काढघालने ताईंचा लॅपटॉप घेतला, बराच वेळ खटपट केली आणि आवाज आणून दिला. पेडलही ओळखू यायला लागलं. "पुढचा अपडेट मला विचारल्याशिवाय घेऊ नका," तो म्हणाला. "घेऊ नका म्हणजे, तो घेईलच. पण विचारा."

त्या दिवशी घरी येऊन ताईंनी पहिल्यांदाच सावलीवाल्यांची फाईल आधी उघडली.

"नमस्कार मॅडम," आवाज म्हणाला.

ताई खुर्चीत सरळ झाल्या. "नमस्कार," त्या म्हणाल्या.

"छातीचा एक्स-रे. हृदयाचा आकार सर्वसाधारण. पूर्णविराम. फुप्फुसे स्वच्छ. पूर्णविराम. धन्यवाद मॅडम." आणि फाईल संपली. चहा नाही, खुर्ची नाही. त्यांनी पुढची उघडली. तीही तशीच, कात्रीने कापल्यासारखी. नमस्कार मॅडम, दोन वाक्यं, धन्यवाद. सगळ्या फायली मिळून पूर्वीच्या एकीएवढ्या झाल्या. काम लवकर आटोपलं आणि संध्याकाळ नुसतीच समोर येऊन उभी राहिली.

आज घाईत असतील, असं ताईंनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला, महिना गेला. यंत्र बंद करायला ते आता विसरत नव्हते. ताईंना आपल्याच जिभेचा राग आला. झाकली मूठ उघडायची काय गरज होती? मग वाटायचं, त्यांना न सांगता ऐकत राहणं तरी बरोबर होतं का. सांगितलं हे योग्यच केलं, आणि सांगितल्यामुळेच सगळं गेलं. दोन्ही खरं होतं, आणि त्यावर इलाज नव्हता.

एखादा शब्द कळला नाही तर डॉक्टरांना विचारायला रिपोर्टखाली एक चौकोन असे. एके दुपारी ताईंनी त्यात लिहिलं, 'मधल्या बोलण्याचा मला कधीच त्रास झाला नाही. उलट सोबत वाटायची. पूर्वीसारखं बोललात तरी चालेल.' पाठवायच्या आधी वाचलं, लाज वाटली, आणि तरीही पाठवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फायलीत आलं.

"नमस्कार मॅडम. तुमचा निरोप वाचला." मग थोडी शांतता. कितीतरी दिवसांनी त्यांनी फायलीत शांतता राहू दिली होती. खुर्ची करकरली. "मी प्रयत्न केला, खरं सांगतो. पण आता जमत नाही हो. कोणी ऐकतंय म्हटलं की मी आपोआप नीट बसतो. तुमचा काही दोष नाही त्यात." घसा साफ केल्याचा आवाज. "डाव्या मनगटाचा एक्स-रे. अस्थिभंग दिसत नाही. पूर्णविराम."

ताईंनी नेहमीप्रमाणे कामाचं तेवढं टाइप केलं. बाकीचं पुन्हा ऐकावं म्हणून पेडलवर पाय ठेवला, पण दाबला नाही. पुढच्या फायली उरकल्या. एकाही फायलीला त्यांनी तोंडाने उत्तर दिलं नाही, आणि हे त्यांच्या लक्षात आलं ते लॅपटॉप मिटताना.

त्यानंतर दोन दिवसांनी त्या पिशवी घेऊन काढघालच्या दारात उभ्या होत्या.

"परत गेला आवाज?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"नाही. चालू आहे. तुमच्या खोलीत ते कोपऱ्यातलं टेबल रिकामं आहे ना? तिथे बसून काम केलं तर चालेल का?"

त्याने आता मात्र वर पाहिलं. "घरून करायची मुभा असताना? इथे दिवसभर फोन वाजतो. लोक येऊन माझ्यावर ओरडतात."

"ओरडू देत."

तो काय समजला कोण जाणे. "वरच्यांना विचारतो," म्हणाला, आणि टेबलावरचे जुने कीबोर्ड उचलून जमिनीवर ठेवायला लागला.

परवानगी मिळाली ती आठवड्यातल्या दोन दिवसांची. त्या दोन दिवशी ताई तिथे बसतात. गप्पा होतात असं नाही. काढघालला बोलायला फुरसत नसते आणि ताईंच्या कानाला हेडफोन असतो. पण एक कान त्या उघडा ठेवतात. फोन वाजतो, बाकावरची माणसं अपडेटला शिव्या घालतात, कोणाचं तरी वर्षभराचं काम उडालेलं असतं, कोणाला आपलाच पासवर्ड आठवत नसतो. परवा एक नर्स तिचा लॅपटॉप टेकवायला जागा शोधत ताईंच्या टेबलाशी आली.

"तुमचं पण बिघडलंय?" तिने विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या, आणि आपली पिशवी उचलून तिला जागा करून दिली.