हळू आवाजातला गाण्याचा वर्ग

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. ही सुरू करायची खूण. सगळ्या वर्गाने श्वास घेतला.

"आता जरा जोरात," मास्तर कुजबुजले.

वर्ग जरा जोरात कुजबुजला. लाकडी पार्टिशनच्या पलीकडे कुणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते गाण्यापेक्षा स्पष्ट ऐकू आलं.

"वा!" मास्तर म्हणाले, तेही नुसत्या ओठांनी. "सिस्टर, तुमचा तर काय लागलाय आवाज! काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

सिस्टर लाजल्या. गाण्याबद्दल त्यांचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. खरं म्हणजे गाण्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

वाचनालयात फुकट वर्ग सुरू झाले तेव्हा एक अडचण कुणाच्या लक्षात आली नाही. वर्गाची खोली आणि वाचनकक्ष यांच्या मध्ये एक पार्टिशन होतं, आणि ते छतापर्यंत पोचायच्या आधीच दमून थांबलेलं होतं. वाचनकक्षात तर 'शांतता राखा' अशी पाटी. ती संस्थापकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली, त्यामुळे काढायची सोय नाही. मग सगळे वर्ग शांततेत घ्यायचं ठरलं. वक्तृत्वाच्या वर्गात भाषणं चिठ्ठीवर लिहून एकमेकांना वाचायला देत. मोबाइल शिकायच्या वर्गात सगळे आवाज बंद ठेवून एकमेकांना फोन लावत, आणि कुणाचा लागलाय की नाही ते कळत नसे. योगासनांचा वर्ग तेवढा सुरळीत चालायचा, पण शवासनात लोक घोरत आणि पलीकडून तक्रार येई.

तक्रार करणारे म्हणजे पेपरवाले काका. काका रोज वाचनालय उघडायच्या आधी दारात हजर. आत आले की तीन वर्तमानपत्रं उचलायची, दोन बुडाखाली घ्यायची आणि तिसरं वाचायचं. टाचणी पडली तरी काका मान वर करत.

गाण्याचा वर्ग मात्र या सगळ्यातून सहीसलामत सुटला होता. मास्तर पूर्वी बँडमध्ये कर्णा वाजवायचे, पण माणूस समंजस. त्यांनी गाणं एवढं हळू शिकवायला घेतलं, की काकांना शेजारी गाण्याचा वर्ग आहे हेच माहीत नव्हतं. वर्गात एक ड्रायक्लीनिंगवाली बाई, एक टॅक्सीवाला, दोन निवृत्त जावा आणि सिस्टर. सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी सिस्टर, कारण त्यांना काही बदलावंच लागलं नाही.

उभी हयात त्यांची रात्रपाळीत गेली. वॉर्डात पेशंट झोपलेले, त्यामुळे बोलायचं ते कानाशी वाकून, हलक्या आवाजात. तो आवाज त्यांच्या गळ्यात कायमचा बसला. त्याचे परिणाम फार विचित्र होत. एकदा एका पेशंटच्या मुलाजवळ जाऊन त्यांनी हळूच विचारलं, "चहा झाला का?" तर तो भिंतीला टेकून रडायलाच लागला. नोकरी संपल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, तर तिथेही तेच. सकाळी भावाजवळ वाकून त्या म्हणायच्या, "दूधवाला आला नाही रे." भाऊ मटकन खाली बसायचा.

"वन्सं, अहो माणसासारखं ओरडून सांगा ना!" भावजय स्वयंपाकघरातून ओरडायची. "रोज सकाळी ह्यांना पाणी पाजावं लागतं."

"बरं," सिस्टर म्हणायच्या. तेही भावजयीला ऐकू जायचं नाही. मग ती पुन्हा ओरडायची.

पण मंगळवारी दुपारी सिस्टर वेगळ्याच असत. केस नीट बांधून, चष्म्याच्या काचा पुसून त्या वेळेच्या कितीतरी आधी वाचनालयात जाऊन बसत. लहानपणी त्यांना गायची हौस होती. मग नोकरी लागली आणि हौस राहून गेली. आता कुणाची झोप न मोडता गाता येतंय, याहून आणखी काय हवं?

तर त्या मंगळवारी मास्तरांचं "वा" संपतंय तोच ग्रंथपालबाई आत आल्या. चेहरा पडलेला.

"मास्तर, समिती हा वर्ग बंद करायचं म्हणतेय."

"का? आमची कधी तक्रार तरी आहे का?"

"तेच तर! योगाची घोरण्याची तक्रार आहे. चित्रकलेवाल्यांनी पाणी सांडल्याची आहे. तुमची एकही नाही. समिती म्हणते, तक्रार नाही म्हणजे वर्ग भरतच नसणार. या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायच्यात."

"अहो, पण आम्ही गातो की!" टॅक्सीवाला म्हणाला.

"मला माहितीये हो. पण वर्षभरात तुम्हाला ऐकलंय कुणी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनीसुद्धा एकमेकांना कधी ऐकलं नव्हतं.

"पुढच्या मंगळवारी अध्यक्ष स्वतः येणारेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्यासमोर चांगलं खणखणीत गाऊन दाखवा. तेवढ्यापुरती परवानगी मी काढते. काकांना मी सांभाळते. पण त्या दिवशी ऐकू आलं नाही, तर मग माझ्या हातात काही नाही."

सिस्टरांनी मनाशी हिशेब केला. मंगळवार गेला तर उरले काय? सहा सोमवार.

आठवडाभर त्यांनी घरी तालीम केली. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, तोंड उघडून. नळाचा आवाज छान यायचा. शेवटी भावजयीने दार ठोठावलं.

"वन्सं, काय चाललंय आत? किती वेळ झाला!"

"गातेय."

"काय?"

"गातेय गं."

"अगंबाई, पडलात की काय? अहो, इकडे या, वन्सं पडल्या!"

भाऊ धावत आला, दाराला खांदा लावला आणि कडीसकट आत आला. सिस्टर बादलीशेजारी उभ्या, तोंड उघडं, हात छातीवर. भावाने तो अवतार बघितला आणि नेहमीप्रमाणे मटकन खाली बसला.

सगळं ऐकून झाल्यावर भावजय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढंच ना? माझ्याकडे बघा. पोटातून काढायचा आवाज. समजा मी तुमचं आवडतं भांडं फोडलंय. घाला शिव्या!"

सिस्टर तिच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "असू दे गं, जुनंच होतं."

भावजयीने कपाळाला हात लावला.

मंगळवार उजाडला. खोलीत पुढच्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या दोन बाजूंना समितीचे दोन सभासद. अध्यक्ष भारदस्त गृहस्थ. कानात ऐकायचं यंत्र, पण ते यंत्र आहे असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. पलीकडे पेपरवाले काका. ग्रंथपालबाईंनी त्यांना सांभाळायचं म्हणून चौथं वर्तमानपत्र दिलं होतं.

"लक्षात ठेवा," मास्तर म्हणाले, "आज गच्चीवरून हाक मारल्यासारखं गायचं. नदीचं गाणं. छाती भरून!"

सगळ्यांनी छाती भरली. सिस्टरांनी तर इतकी भरली, की चष्मा वर सरकला. मास्तर पुढे आले, अध्यक्षांना नमस्कार केला, वर्गाकडे वळले. आणि सवयीने ओठांवर बोट ठेवलं.

झालं. वर्षभराची सवय ती. भरलेली छाती कुणाच्याही नकळत हवेत विरली आणि वर्गाने नदीचं अख्खं गाणं, कडव्यांसकट, शिस्तीत कुजबुजलं. मास्तरांना आपली चूक कळली तोवर नदी निम्मी वाहून गेली होती. ते नुसते हात हलवत राहिले. ग्रंथपालबाईंनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षांनी आधी मान तिरकी केली. समोर पाच तोंडं उघडतायत, मिटतायत, मास्तरांचे हात हलतायत, पण आवाज नाही. त्यांचा हात हळूच कानाकडे गेला. यंत्र बंद पडलं वाटतं! आता दोन सभासदांसमोर तसं म्हणायचं कसं? त्यांनी केस सारखे केल्यासारखं करत यंत्र थोडं वाढवलं. काही नाही. आणखी वाढवलं. तरी नाही. मग जपून, चेहऱ्यावर रसिकासारखं हसू आणून, ते मान डोलवायला लागले.

उजवीकडच्या सभासदाला काही ऐकू येत नव्हतं. पण अध्यक्षांना येतंय म्हटल्यावर तोही डोलू लागला. डावीकडच्याने दोघांकडे बघितलं आणि मांडीवर ताल धरला. तो बऱ्यापैकी जमलाही.

गाणं संपायच्या बेताला अध्यक्षांनी यंत्र शेवटच्या टोकापर्यंत फिरवलं. नेमकं त्याच क्षणी पलीकडे काकांनी चौथं वर्तमानपत्र उलटलं.

अध्यक्ष खुर्चीतून उडालेच. डोंगरच कोसळला जणू कानात. ते सावरतायत तोच काका शिंकले.

"कोण आहे तिकडे?" अध्यक्ष गरजले. "काय ही आदळआपट!"

"वाचक आहेत, साहेब," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"वाचक? अहो, इथे इतकं नाजूक, इतकं तरल गाणं चाललंय, आणि शेजारी हा दंगा? मला शेवटच्या ओळी नीट ऐकूसुद्धा आल्या नाहीत. त्याआधीच्या अर्थात सगळ्या ऐकल्या."

"सगळ्या," उजवे सभासद म्हणाले.

"अप्रतिम," डावे म्हणाले.

"हा वर्ग बंद करणारे आपण कोण?" अध्यक्ष उभे राहिले. "उलट या लोकांना या गोंगाटातून आधी बाहेर काढा. मागची शेड द्या त्यांना. एकांतात गाऊ देत. आणि त्या गृहस्थांना सांगा, पानं जरा हळू उलटा!"

काकांना हा निरोप देताना ग्रंथपालबाईंचा आवाज कापत होता. भीतीने नव्हे. नंतर त्या पुस्तकांच्या मागच्या रांगेत जाऊन, तोंडात रुमाल कोंबून, बराच वेळ हसत होत्या.

मागच्या शेडमध्ये फिरत्या वाचनालयाची गाडी असे. ती कित्येक वर्षं फिरलीच नव्हती. तिच्या आत पुस्तकं, बाहेर धूळ. आसपास वस्ती नाही, पार्टिशन नाही, काका नाहीत. पुढच्या मंगळवारी वर्ग तिथे जमला.

"आता काय हवं?" मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. "गा मोकळ्याने. एक, दोन..."

वर्ग कुजबुजला.

सगळे थांबले, एकमेकांकडे बघितलं आणि हसू फुटलं. ते हसणं मात्र मोठ्याने झालं. निवृत्त जावांपैकी धाकटी तर गाडीला धरून हसत होती.

"अहो, इथे कुणी नाही!" मास्तर कळवळून म्हणाले. "कुणाला भिताय?"

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मास्तर, इथे कुणी झोपलेलं नाही ना?"

"नाही हो."

"नक्की?"

"सिस्टर, शेड आहे ही!"

तरी त्या निघाल्या. शेडच्या कडेकडेने, आवाज न करता, वॉर्डात फेरी मारायच्या तशा. कोपऱ्यात वाकून बघितलं. गाडीचं मागचं दार उघडलं, आत डोकं घालून दोन्ही बाजूंच्या फळ्या पाहिल्या. पुस्तकं होती. सगळी मिटलेली. त्यांनी सवयीने दार अगदी हळू लोटलं, मग थांबल्या, पुन्हा उघडलं आणि धाडकन लावलं.

कुणीही उठलं नाही.

तिथेच, गाडीकडे पाठ करून, त्या उभ्या राहिल्या आणि नदीच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली.

एक मोठा, भरड, खालच्या पट्टीतला आवाज पत्र्याला जाऊन धडकला. गाडीच्या काचा थरथरल्या. टॅक्सीवाल्याने तोंडाचा आ केला. मास्तरांचे पाठीमागचे हात सुटले.

सिस्टर दचकून थांबल्या. आपल्या पाठीमागे कोण बाई येऊन गातेय, हे बघायला त्या मागे वळल्या. तिथे गाडीच होती फक्त.

"थांबलात का?" ड्रायक्लीनिंगवाली म्हणाली. "चालू द्या की!"

सिस्टर आणखी एकदा मागे बघून आल्या. मग ताठ उभ्या राहिल्या, आणि पुढची ओळही त्याच बाईकडून म्हणवून घेतली.