गप्पिष्ट माणूस पत्ते मोजत नाही

पुरुषोत्तमकाका लास व्हेगासला पैसे मिळवायला जात नसत. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या घरात दुःख करायला जागा फार होती, म्हणून जात. शहाऐंशीच्या मार्चमध्ये सुमित्राकाकू गेली आणि मेपासून हे निवृत्त इंजिनियर तिथल्या कॅसिनोत ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार खेळू लागले. लहान पत्ता पडला की एक मिळवायचा, दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक वजा करायचा, आकडा वर गेला की पैज वाढवायची. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही मावत नाही, असं ते म्हणत.

पत्ते मोजणं हा गुन्हा नाही, पण कॅसिनोला ते आवडत नाही. मोजणारा ओळखला की हाकलतात. ऑक्टोबरपर्यंत काकांना चार ठिकाणांहून हाकललं होतं, अतिशय नम्रपणे. एका ठिकाणी तर निघताना फळांची परडी दिली. आता त्यांच्या खिशाला झेपेल असं पाचवं तेवढं उरलं होतं. तेही गेलं की मग फक्त शॉमबर्ग.

मी त्यांचा पुतण्या शैलेंद्र. पीएचडी करत होतो, म्हणजे रिकामाच होतो. न पकडलं जाण्याची जबाबदारी माझ्यावर आली. आधी मी काकांना प्यायल्याचं नाटक करायला सांगितलं. त्यांनी आयुष्यात दारू चाखली नव्हती. त्यांचा दारुडा गणेशोत्सवातल्या नाटकातला निघाला, शर्टाचं बटण सोडून रडत क्षमा मागणारा. ते कॅन्सल केलं.

मग माझ्या लक्षात आलं, मोजणारे सगळे गप्प असतात.

"काका, बोलत राहा. गप्पिष्ट माणसावर कुणी संशय घेत नाही."

"कशावर बोलू?"

"काहीही. ज्याला डोकं लागत नाही असं."

हे मीच म्हणालो.

काका टेबलाशी बसले आणि पत्ते वाटणाऱ्या बाईला काकूबद्दल सांगू लागले. शिकागोच्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर कोथिंबीर घ्यायला गेलं की काकू दुकानात नीट उभी राहत नसे. दर पाच मिनिटांनी यांना पार्किंगच्या मीटरमध्ये नाणं टाकायला पिटाळायची. बाई हसली. काका मोजत होते, पैज वाढवत होते, जिंकत होते. तेवढ्यात टेबलांवर नजर ठेवणारा सुटातला माणूस मागे येऊन उभा राहिला. मी शेजारी बसलो होतो, टेबलाखालून काकांना ढोसलं. बोला.

काका बोलले. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्येही तिने विचारलं, मीटरमध्ये नाणं टाकलंत का. तिथलं पार्किंग फुकट होतं. पण तिला घोर लागला होता, म्हणून ते खाली गेले, गाडीपाशी दोन मिनिटं उभे राहिले. वर आले तर नर्स दारातच थांबली होती.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचे सहा डाव काका वेड्यासारखे हरले. सुटातल्या माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, हवा तेवढा वेळ बसा म्हणाला आणि गेला.

"काका, सुटलो," मी हळूच म्हणालो. "आकडा किती?"

"गेला रे."

"नवीन पत्त्यांपासून सुरू करा."

त्यांनी मान हलवली. बाईने पत्ते पिसले, वाटले. काकांनी ते उचलून पाहिलेसुद्धा नाहीत. आता त्यांना इथून कुणीही हाकलणार नव्हतं.