रडूबाईचा उकार

लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. कामावरून निवृत्त झाल्यावर मिस्त्रीने एक जुना लॅपटॉप फ्रिजवरच्या फळीवर चढवला. स्क्रीन फुटलेला, बॅटरी मेलेली, पण इमान शाबूत. त्यावर त्याने घरापुरतं एक कोठार बसवलं होतं. फोनवर उघडायची छोटी छोटी पानं त्याने स्वतःच लिहिलेली, औषधांचं एक, सामानाचं एक, खुशालीचं एक. त्यांत जे टिपावं ते या कोठारातल्या आपापल्या खणात जाऊन पडे.

"मोठ्या कंपन्या फुकट देतात की ही जागा," शेजारचा चष्मेवाला म्हणाला होता.

"फुकटच्या धर्मशाळेत आपलं कपाट ठेवू नये रे बाबा."

खुशालीचं पान होतं ताईसाठी. ताई दुसऱ्या शहरात, मिस्त्री इथे एकटा, मधे आई होती तोवर दोघांचं बोलणं आईमार्फत चाले. ती गेली आणि वर्षापूर्वी फोनवर शब्दाला शब्द लागला.

"आईनंतर तुझं नातं काय ते त्या डबड्याशी!" ताई म्हणाली.

"मग डबड्याच्या पानाला हात लावू नकोस!" मिस्त्री म्हणाला, आणि तिरमिरीत त्याने पानाचा परवलीचा शब्द बदलून टाकला.

राग म्हणजे दुधाची उकळी. सकाळपर्यंत खाली बसला. मिस्त्रीने गुपचूप जुना शब्द परत घातला. फोन तेवढा केला नाही. तिनेही केला नाही. अबोला पडला.

पण अबोल्यातही एक दार किलकिलं राहिलं. कोण कधी पान उघडतं याची नोंद कोठार ठेवत असे, आणि रोज सकाळी नेमाने नोंद पडे: बाहेरून कुणीतरी खुशालीचं पान उघडलं. परवलीचा शब्द दोघांनाच ठाऊक. म्हणजे ताईच की! जिभेला गाठ मारली तरी जीव तुटतोच बहिणीचा. मिस्त्रीचा दिवस त्या एका ओळीवर उभा राही. तोही मग पानावर लिही, 'गुडघा ठीक आहे.' 'आज ऊन छान पडलंय.' ताप आला तेव्हा डॉक्टरच्या आधी त्याने पानाला सांगितलं. उत्तर येत नसे. बघतेय ना, मग झालं तर.

परवा त्याने लॅपटॉप बंद करून पंख्यातली धूळ काढली, परत चालू केला. दुसऱ्या सकाळी नोंद पडली नाही.

त्याने वाट पाहिली. चहावर साय धरली. ताई आजारी तर नसेल? पडली-बिडली तर नसेल? फोन हातात घ्यायचा नि खाली ठेवायचा, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी, दोष आपल्याकडेच नाही ना म्हणून त्याने कोठाराची एकेक कळ तपासायला घेतली. तेव्हा सापडला तो 'पहारेकरी'. भांडणाच्याच आठवड्यात त्याने एक चिमुकला प्रोग्राम लावला होता: रोज सकाळी इंटरनेटच्या रस्त्यावरून फिरून यायचं, परक्यासारखं दार वाजवायचं, साठवलेला शब्द घालून पान उघडतं का बघायचं. लावला आणि विसरला. लॅपटॉप बंद केल्यापासून तो झोपलेलाच होता.

मिस्त्रीने त्याला उठवलं. त्याच क्षणी नोंद पडली: बाहेरून कुणीतरी खुशालीचं पान उघडलं.

वर्षभर आपणच हाक मारली आणि आपणच 'ओ' दिली. देवा, माणूस आपल्याच सावलीला पाहुणा समजून पाट मांडतो, तो असा.

मग ताई? एकदाही नाही? ज्यांना दार उघडलं नाही त्यांची नोंद वेगळी पडत असे. ती त्याने कधी पाहिलीच नव्हती. आता पाहिली. ताईच्या शहरातून ओळीखाली ओळ. एकेका दिवशी चार-चारदा. मग आठवड्यातून. मग काहीच नाही. घरगुती कारभार असल्याने तिने घातलेला शब्दही तिथे टिपलेला होता: 'रडूबाई'. लहानपणी ती त्यालाच म्हणायची.

आणि त्याने परत घातलेला शब्द होता, 'रडुबाई'.

एका उकाराने बहीण बाहेर उभी राहिली होती.

या वेळी फोन खाली ठेवला नाही, ताईला लावला. भाचीने उचलला.

"मामा? अगंबाई! बरा आहेस ना?"

"मी बरा आहे गं. आई कुठंय?"

"इथंच, भांडी घासतेय." मागून आवाज आला, "कोण गं?" "मामा." पलीकडे नळ बंद झाला. "आई म्हणते, काय काम काढलं विचार."

"सांग तिला, मी दार लावून घेतलं नव्हतं. शब्द परत घातला, पण रडूबाईतला डू ह्रस्व पडला."

भाचीने सांगितलं. "ह्रस्व-दीर्घ त्याला शाळेतही येत नव्हतं!" मागचा आवाज फोनला नीट ऐकू जाईल एवढा चढला. "निबंध मी सुधारायची!"

मिस्त्रीला हसू आलं. "आत्ता दुरुस्त करतो म्हणावं. लगेच उघडेल."

"आई म्हणते, नको. म्हणते, दार वाजवून तिची बोटं दुखली. आता नाही उघडणार. देवानं तोंड दिलंय, त्यानं बोल म्हणते."

"मग दे तिला फोन."

"देऊ?" भाचीने विचारलं, पण ते त्याला नव्हे.

"मामा, तिचे हात ओले आहेत. धर म्हणते. ठेवू नकोस."

"धरतो," मिस्त्री म्हणाला.