समितीला दिसलेला दवाखाना

डॉक्टरांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे पगार ठरवायला १९७७ साली मुंबईहून एक समिती सोलापुरात आली. कुणाला किती काम ते डोळ्यांनी बघून दर्जा ठरवणार, म्हणे. ज्यांनी जन्मात कधी रांगेत उभं राहून औषध घेतलं नाही, ते आमचं काम मोजणार!

मी अक्कलकोट रोडवरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. आमचे रुद्रप्पा डॉक्टर सहा वर्षं वर्ग दोनमध्ये कुजत होते, वर खाजगी प्रॅक्टिसला बंदी. गुलबर्ग्याला मेहुण्याचा दवाखाना त्यांची वाट बघत होता. "जोतीराम, वर्ग एक मिळाला तर राहतो, नाहीतर चाललो," त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. आसपासच्या बारा गावांना दुसरा डॉक्टर नव्हता.

आदल्या संध्याकाळी डॉक्टर घरी गेल्यावर जिल्ह्याच्या ऑफिसातले श्रीमंतसाहेब आले. त्यांचाही दर्जा हीच समिती ठरवणार, म्हणून अंगात वारं शिरलेलं. भिंतींना चुना मारून घेतला आणि मला बजावलं, "उद्या इथं एकही पेशंट दिसता कामा नये. घाण करतात लेकाचे." मी मान डोलावली. माझी नोकरी मान डोलावण्याचीच.

सकाळी साहेबांनी डॉक्टरांना समितीच्या स्वागताला विश्रामगृहावर बोलावून घेतलं. इकडे दीडशे माणसं मी फाटकातूनच परतवली. केराबाई मात्र हलेना. तिच्या खांद्यावर नात तापानं फणफणलेली.

"पोरगी लई तापलीय की, दादा."

"उद्या ये म्हटलं ना!" मी खेकसलो. गेली बिचारी.

दुपारी जेवणं उरकून मंडळी आली. रिकामी बाकं बघून डॉक्टर पांढरेफटक पडले. "रोज दीडशे पेशंट असतात," म्हणत त्यांनी रजिस्टर पुढं केलं. अध्यक्षांनी ते उघडलंसुद्धा नाही. "रजिस्टर काय, कुणीही भरतं."

तेवढ्यात विश्रामगृहातलं मटण अध्यक्षांच्या पोटात उठलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासभर उशाशी बसले. बरं वाटल्यावर अध्यक्ष खूश. "उत्तम डॉक्टर! हाकेसरशी हजर. म्हणजे मोकळाच असतो की हो!" सगळे हसले. श्रीमंतसाहेब सगळ्यांत मोठ्यानं. असल्या डोक्यांच्या हातात सरकारनं सगळ्यांचे पगार दिले होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. मी कोपऱ्यातल्या चुन्याच्या बादलीकडे बघत राहिलो. थू माझ्या जिनगानीवर.

सहा महिन्यांनी हुकूम आला. डॉक्टर वर्ग दोनमध्येच, काम हलकं म्हणून. श्रीमंतसाहेबांना वर्ग एक, देखरेखीची जबाबदारी मोठी म्हणून. डॉक्टर गुलबर्ग्याला गेले.

आता दवाखाना समितीनं पाहिला होता अगदी तसा असतो. काल केराबाई आली होती, नातीला घेऊन. पोरगी पुन्हा तापलेली.

"डाक्टर कुटं हायती?"

"गेले."

तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मग उद्या येऊ का?"